पायाळूची टाच

“तुझा पाय सगळ्या पेणला चालतो, मलाच तेवढा चालत नाही,” हे म्हणाले. पाटावरून उठायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला होता. तिसऱ्या वेळी खांबाला धरून कसेबसे उभे राहिले. डावा पाय जमिनीला जेमतेम टेकलेला आणि हातात अजून ब्रश.

“चेष्टा पुरे. चहा घ्या,” मी म्हटलं.

“चेष्टा कोण करतंय?”

त्यांच्यामागे फळ्यांवर ओळीने गणपती बसले होते. पितांबरं रंगली होती, मुकुटांवर सोनेरी रंग चढला होता. डोळे मात्र एकालाही नव्हते. डोळ्यांची आखणी आमच्या कारखान्यात एकच माणूस करायचा आणि तो खांबाला धरून उभा होता.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. आषाढ संपत आला होता, चतुर्थीला पाच आठवडे उरले होते आणि सहाशे मूर्तींचे डोळे बाकी होते. माती, साचे, रंग हे सगळं बाळाराम आणि हाताखालची चार माणसं ओढून न्यायची. बाळाराम सासऱ्यांच्या वेळेपासूनचा रंगारी, ह्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, पण डोळ्याला त्यानेही कधी हात लावला नाही. पापणीची काळी रेघ एका श्वासात जावी लागते. मध्ये हात थांबला तर देव झोपाळू दिसतो, नाहीतर रागावलेला. ह्यांच्या हातचा गणपती आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं, म्हणून लोक ठाण्याहून, पुण्याहून आमच्याकडे यायचे.

ती रेघ काढायला ह्यांची बसायची एक ठरलेली पद्धत होती. डावा पाय मुडपून बुडाखाली, उजवा गुडघा उभा आणि त्या गुडघ्यावर मनगट टेकलेलं. सोळाव्या वर्षापासून अशीच बैठक. दिवसाचे बारा-बारा तास सगळं अंग डाव्या कुल्ल्यावर.

दुखणं ज्येष्ठात सुरू झालं. आधी कुल्ल्यात खोल काहीतरी टोचल्यासारखं, मग मांडीच्या मागून पोटरीपर्यंत आग. ती आग करंगळीपर्यंत उतरली तेव्हा त्यांनी मला सांगितलं. त्याआधी दोन आठवडे नुसतेच चिडचिड करत होते आणि मला वाटत होतं की माझ्या हातचं जेवण आवडत नाही.

आता माझ्या पायाचं सांगते. मी पायाळू, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी आलेली. पायाळू माणसाने पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे सगळे मानतात. माहेरी मी सहा वर्षांची असल्यापासून लोकांच्या पाठीला पाय लावत आले. लग्न होऊन पेणला आले आणि सासूबाईंनी महिन्याभरात ही बातमी कोळीवाड्यापासून बाजारपेठेपर्यंत पोचवली. दर रविवारी सकाळी दारात पाच-सहा माणसं पालथी पडायची. उपाशीपोटी यायचं, डाव्या पायाचा तीनदा स्पर्श घ्यायचा आणि मागे वळून न बघता जायचं. वयाने मोठं कोणी असलं तर नंतर मीच त्यांच्या पाया पडायची, म्हणजे दोष उरायचा नाही. दुसऱ्या दिवशी माणसं भेटली की म्हणायची, “वहिनी, एकदम मोकळं झालं हो.” मला ते ऐकायला फार आवडायचं. मी चौथी नापास, रंगाने सावळी, पोटी मूल नाही. पण पाय लावावा तर माझाच. ही फुशारकी माझ्यात होती आणि ती लपवण्यात आता काही अर्थ नाही.

मग नवऱ्यालाच का नाही? मी एकदा सासूबाईंना विचारलं होतं, तेही भीत भीत.

“काय गो, डोकं फिरलं काय तुझं?” त्या तांदूळ निवडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं. “दुसऱ्याला लावलास तर ते औषध. नवऱ्याला लावलास तर ती लाथ.”

“नंतर पाया पडले तर?”

“शंभर वेळा पड. ते पाप धुतलं जायचं नाही. वर त्यालाच भोवेल ते.”

मला हे पटलेलंच होतं. झोपेत माझा पाय ह्यांना चुकून लागला तरी मी उठून त्यांच्या पायाला हात लावून नमस्कार करत असे आणि मगच पुन्हा झोपत असे. त्यामुळे दुसरी वाट धरली आणि ह्यांना घेऊन पनवेलला डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांचं आडनाव उकिडवे. वयाने तरुण होते, पण घाई करत नव्हते. त्यांनी मणक्याचा फोटो काढायला लावला. मणका चांगला निघाला. मग ह्यांना टेबलावर झोपवून त्यांनी डावा गुडघा मुडपून उजव्या खांद्याकडे ढकलला. हे ओरडले नाहीत, पण टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“काम काय करता?”

“गणपतीचे डोळे आखतो.”

“बसता कसे? दाखवा बघू.”

हे खाली फरशीवर बसले तसे डॉक्टरांनी मान हलवली. “कुल्ल्याच्या आत खोल एक लहानसा स्नायू असतो, पिरिफॉर्मिस. पायात जाणारी सगळ्यात मोठी नस त्याच्या खालून जाते. तुम्ही पंचवीस वर्षं त्याच्यावर बसून आहात. तो आखडलाय आणि नस दाबतोय. दुखतंय कुल्ल्यात आणि आग होते पायात, ती त्यामुळे.”

“औषधाने जाईल?”

“औषधाने दुखणं दबेल. जाईल ते न बसण्याने. खुर्चीवर बसायचं, तेही दर वीस मिनिटांनी उठायचं. शेक घ्यायचा. आणि मी दाखवतो तो ताण दिवसातून चार वेळा द्यायचा. सहा आठवडे लागतील.”

“चतुर्थी पाच आठवड्यांवर आलीय, डॉक्टर.”

“देव थांबेल. नस थांबत नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “वहिनी, तुम्ही दोन गोष्टी लक्षात ठेवा. कोणाकडून तुडवून, मळून घ्यायचं नाही. आणि पाऊल उचलायला जड वाटायला लागलं, चालताना चप्पल निसटायला लागली, तर त्याच दिवशी मला येऊन दाखवायचं. उशीर झाला तर पाऊल परत येत नाही.”

मी दोन्ही गोष्टी नीट ऐकल्या. ऐकलं नव्हतं असं मला कधी म्हणता येणार नाही.

ह्यांनी बारा दिवस डॉक्टरांचं सगळं ऐकलं. उताणं झोपून डावा घोटा उजव्या गुडघ्यावर ठेवायचा आणि मांडी छातीकडे ओढून धरायची. मी शेजारी बसून तीस आकडे मोजायची. गरम पाण्याची पिशवी द्यायची. आणि थोडा उतार पडला, हे खरं सांगायला हवं. सकाळी उठताना भिंत धरावी लागत नव्हती. पण खुर्ची-टेबलावर त्यांचा हात बसेना. मनगटाला गुडघा मिळत नव्हता. दिवसाला आठ मूर्ती व्हायच्या, त्यातल्या दोन पुसून पुन्हा करायच्या. एक दिवस त्यांनी एका दीड फुटी गणपतीचा डावा डोळा आखला, लांब होऊन बघितला आणि टर्पेंटाइनचा बोळा घेऊन पुसून टाकला. तोच डोळा चार वेळा काढला. पाचव्या वेळी ब्रश ठेवला आणि टेबलावर कपाळ टेकवून बसले. बाळाराम आणि बाकीचे चौघे आपापल्या रंगाच्या वाट्यांत बघत राहिले.

त्या दिवशी श्रावणातला मंगळवार होता. दुपारी सासूबाई शेजारच्या मंगळागौरीला गेल्या, माणसं जेवायला घरी गेली. हे मागच्या खोलीत चटईवर पालथे पडले होते.

“सुलभा, दार लाव,” ते म्हणाले.

मी दार लावलं.

“आता पाय लाव.”

“अहो, असं काय बोलता?”

“चतुर्थीला तेवीस दिवस आहेत. पाचशे देव आंधळे बसलेत. उद्या लोक पाट घेऊन दारात येतील, त्यांना काय देऊ?”

“डॉक्टर नको म्हणाले होते.”

“डॉक्टर तुडवू नका म्हणाले. तू तुडवणार आहेस का? तू पायाळू आहेस.”

“मला पाप लागेल.”

“अर्धं मी घेतो,” ते म्हणाले आणि उशीत हसले. महिन्याभरात पहिल्यांदा हसले असतील.

मी मोरीत जाऊन पाय धुतले. देवाऱ्याच्या दिशेने हात जोडले, पण तोंडाने काही मागवेना. परत आले आणि डाव्या पायाचा अंगठा त्यांच्या कुल्ल्याला लावला. एकदा, दोनदा, तीनदा. परक्या माणसांना एवढंच करत असे आणि एवढ्यावर थांबत असे. पण हा माझा नवरा होता, पाप तर लागलंच होतं आणि मला वाटलं की आता अर्धवट कशाला सोडायचं.

“नेमकं कुठे?” मी विचारलं.

त्यांनी हात मागे करून बोटाने जागा दाखवली. मी भिंतीला धरलं, टाच त्या जागेवर ठेवली आणि सगळं वजन टाकलं. पूर्ण उभी राहिले. त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. मी वीस आकडे मोजले.

खाली उतरले तेव्हा ते हलत नव्हते. बराच वेळ तसेच पडून होते, तोंड भिंतीकडे. मग हळूहळू उठले, खिडकीपर्यंत चालत गेले, परत आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “गेलं.”

“खरंच?”

“गेलं म्हणतो ना.”

मी तिथेच त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडले. पापाच्या भीतीने रडले, आणि आनंदाने रडले, आणि त्या आनंदात माझी फुशारकीही होती. पनवेलच्या डॉक्टरला सहा आठवडे लागणार होते. माझ्या टाचेने वीस आकड्यांत काम केलं.

त्याच संध्याकाळी ते पाटावर बसले. डावा पाय बुडाखाली, उजवा गुडघा उभा. दुसऱ्या दिवशी पंचवीस मूर्ती झाल्या, तिसऱ्या दिवशी सत्तावीस. डोळे असे उतरले की बाळारामने हातातलं काम टाकून बघावं. ताण देणं थांबलं, शेक थांबला, कारण दुखणंच नव्हतं तर शेकायचं काय? चहा जागेवर, जेवण जागेवर. मी म्हटलं, “जरा उठा की, पाय मोकळे करा,” तर म्हणायचे, “बसलोय तोवर बसू दे.” एका संध्याकाळी एकाच पायात चप्पल घालून घरी आले. “चिखलात रुतली,” म्हणाले. श्रावणात चिखल असतोच. मी दुसऱ्या दिवशी चप्पल शोधून आणली, ती रस्त्याच्या कोरड्या कडेला पडलेली होती, आणि धुऊन दाराशी ठेवली.

मी माझ्यापुरतं प्रायश्चित्त ठरवलं होतं. रोज पहाटे आंघोळ करून, हे अंथरुणात असतानाच, त्यांच्या पायांवर एकवीस वेळा डोकं टेकायचं. आधी उजवा पाय, मग डावा. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. म्हणायचे, “पुरे गं, रोज काय हे?”

“तुमच्यासाठी नाही. माझं मला फेडायचंय.”

“मग फिटलं का?”

“तुमचं गेलंय ना? मग फिटेल. ते खरंच गेलंय ना?”

“गेलंय, गेलंय.”

हे असं रोज. मी रोज विचारायची, आणि विचारायची अशी की हो म्हणण्यावाचून त्यांना दुसरी जागाच राहू नये. डावं पाऊल मला गार लागायचं. पावसाळा आहे, रात्री पांघरूण सरकत असेल, असं मी मनाशी म्हणायची आणि त्यावर शाल टाकायची.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी शेवटची मूर्ती गेली. कारखाना रिकामा झाला, फळ्यांवर नुसते रंगाचे डाग. सासूबाईंनी बाळाराम आणि बाकीच्यांना पेढे वाटले. सकाळी आमच्या घरच्या गणपतीची स्थापना झाली, आरती सुरू झाली. हे तबक घेऊन पाटाभोवती एक पाऊल पुढे गेले, डावा पाय उंबऱ्यासारख्या कशाला तरी अडला आणि ते तबकासकट पडले. तिथे अडायला काही नव्हतं. सपाट जमीन होती. ते पुन्हा उठले आणि मी त्यांचं पाऊल पाहिलं. टाच उचलली जात होती, पण बोटं जमिनीकडेच लोंबत होती, ओल्या फडक्यासारखी.

तिसऱ्या दिवशी पनवेल. डॉक्टर उकिडव्यांनी सुई घेऊन पावलाच्या वरच्या बाजूला टोचलं. हे छताकडे बघत होते.

“टोचतंय?”

“नाही.”

“चप्पल कधीपासून निसटते?”

हे उठून बसायला लागले.

“मोरेश्वरराव, कधीपासून?”

“तीन आठवडे झाले असतील.”

“आणि दुखणं? ते वाढलं कधी?”

“तेव्हाच.”

“कोणी तुडवलं का? मळलं का?”

“नाही,” हे लगेच म्हणाले. “सीझन होता. बसून राहिलो.”

मी भिंतीला टेकून उभी होते. तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं का, ते मला आजही माहीत नाही. बसण्याने नस मेली की माझ्या टाचेने, हे डॉक्टरांना विचारायचं तर आधी टाचेचं सांगावं लागलं असतं. मी विचारलं नाही. डॉक्टर चिडले होते. गोळ्या लिहिल्या, पावलाला आधार देणारी प्लॅस्टिकची पट्टी लिहिली, आणि म्हणाले की वर्षभर वाट बघू, पण आशा धरायला सांगणार नाही.

परतीच्या एसटीत मी विचारलं, “गेलं म्हणाला होतात ना?”

“गेलंच होतं. नंतर परत आलं.”

“कधी?”

“आलं मग कधीतरी. तुझ्या पायाने गेलं होतं ते खरं.” आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आईला यातलं काही बोलू नकोस.”

विसर्जनानंतर मी कारखाना झाडायला घेतला. ह्यांचा पाट उचलला तर खाली गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली. दोन-चार नाही, मूठभर होती. पनवेलच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ह्या नव्हत्या. बाळाराम ब्रश धूत होता, त्याने पाहिलं आणि हात पुसत उठला.

“मीच आणून देत होतो, वहिनी. दुकानातून.”

“कधीपासून?”

“त्या मंगळवारपासून. संध्याकाळी पाटावर बसले तेव्हा घामाने डबडबले होते. मी म्हटलं, भाऊ, उठा. तर म्हणाले, बाळाराम, उठता येत नाही आता.”

“मला का नाही सांगितलंस?”

“शपथ घातली होती.” तो खाली बघत म्हणाला, “मी भांडलोसुद्धा. म्हटलं वहिनींना सांगा, डॉक्टरकडे जा. तर म्हणाले, ती माझ्यासाठी नको ते करून बसलीय. रोज पहाटे पायावर डोकं ठेवून फेडतेय. तिला कसं सांगू की एवढं पाप केलंस आणि मला तसूभर फरक पडला नाही? उलट वाढलं?”

मी पाकिटं पदरात घेतली आणि चुलीत टाकली. सासूबाईंनी विचारलं कसला वास येतोय, तर रंगाचं फडकं जळलं म्हटलं. पुढच्या रविवारी दारात माणसं आली, तेव्हा मी सांगितलं की माझा पाय मुरगळलाय. त्यानंतर मी कोणाला पाय लावला नाही.

मला सगळं कळलंय, हे ह्यांना मात्र मी सांगणार होते. आज सांगीन, उद्या सांगीन, असं करत नवरात्र आलं. सांगायचं म्हणजे काय, तर तुमचा पाय गेला तो माझ्या मोठेपणापायी गेला, हे मला कळलंय, आता तरी खरं बोला. खरं बोलले असते तर मी रागावून घेतलं असतं, रडून घेतलं असतं, दोघं मिळून काहीतरी बोललो असतो.

घटस्थापनेच्या दिवशी पहाटे आंघोळ करून मी त्यांच्या पायाशी गेले. ते नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून पडले होते. पट्टी काढलेली, डावं पाऊल पांघरुणाबाहेर. बोलायचं ते सगळं ओठावर आणून मी उभी राहिले.

“डोकं टेकलेलं कळतं का हो आता?” मी विचारलं. “डाव्या पायाला?”

“कळतं ना,” ते भिंतीकडेच बघत म्हणाले. “आत्ता टेकलंस ते कळलं. कालच्यापेक्षा बरं आहे.”

मी अजून वाकलेच नव्हते.